मापाचा ब्लाउज

कलाक्काचं कौतुक ऐकायची मला लहानपणापासून सवय आहे. आवड मात्र कधी लागली नाही. ती जाऊन दोन वर्षं होत आली, तरी बदनापूरला गेले की कुणीतरी भेटतंच. "तुम्ही कलाताईंच्या बहीण ना?" म्हणतं, माझा हात धरतं आणि पंधरा मिनिटं तिच्याबद्दल बोलत राहतं. मी मान हलवते. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं काढली. एम.एस्सी. आहे, हाताखाली सहा मुली आहेत. पण "तुम्ही सुनंदाताई ना?" म्हणून मला कुणी रस्त्यात थांबवल्याचं आठवत नाही.

ती माझी मावसबहीण. आमच्या आया सख्ख्या बहिणी, आणि कलाक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहावीला गणितात तिनं दोनदा गटांगळी खाल्ली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. लग्न होऊन बदनापूरला गेली तेव्हा मशीन बरोबर नेली. दाजी तिथल्या कृषी संशोधन केंद्रावर कामाला होते. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीवर पाटी: कला लेडीज टेलर्स. पाटीवरचा 'कला' दाजींनी स्वतः रंगवला होता. माझ्या नवऱ्यानं माझं नाव घराच्या दारावरसुद्धा लावलेलं नाही, हे इथं सांगायची गरज नव्हती, पण सांगून टाकते.

दिसायला म्हणाल तर चारचौघींसारखी. सावळी, बुटकी, भिवया जाड. तोंडात कायम दोन-तीन टाचण्या. त्या तशाच ठेवून ती बोलायची, हसायची, गिऱ्हाइकाला दमात घ्यायची. गळ्यात टेप. चप्पल विसरेल पण टेप विसरणार नाही; एकदा एका मयतीला ती टेप घालूनच आली होती.

माप घेताना ती बाईच्या अंगाकडं बघायची नाही. समोरच्या भिंतीकडं बघायची आणि भलतंच काहीतरी विचारायची. "काय गं, कापूस येचायला बाया मिळाल्या का?" समोरची उत्तर देईपर्यंत माप झालेलं असायचं. एखादी आक्रसून उभी राहिली तर म्हणायची, "अंग चोरू नको, त्याच्यावरच शिवायचंय मला." बायका मोकळ्या व्हायच्या. तिच्या त्या खोलीत पडद्याआड बायकांनी काय काय सांगितलं असेल! मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ते मापाच्या वहीत लिहायचं नसतंय."

तिचा एक नियम होता, आणि पुढं जे झालं ते त्या नियमापायी झालं, म्हणून तो सांगते. नवा ब्लाउज शिवायला टाकताना बायका नीट बसणारा एक जुना ब्लाउज देतात. त्याला मापाचा ब्लाउज म्हणतात. तो एकदा हातात आला की कलाक्का त्याच्या शब्दाबाहेर जायची नाही. "मापाचा आणलाय ना? मंग बोटभर कमी न्हाई, बोटभर जास्त न्हाई." एक बाई बाळंतपणानंतर दोन वर्षांपूर्वीचा ब्लाउज घेऊन आली. हिनं तंतोतंत तसाच शिवला. तो त्या बाईच्या दंडातही चढेना. बाई भांडायला आली. कलाक्कानं दोन्ही ब्लाउज एकमेकांवर ठेवले. "बघ, सूतभर फरक हाय का? तू बदललीस, त्याला मी काय करू?" बाई हसत हसत दुसरं कापड टाकून गेली. माझ्या प्रयोगशाळेत मी एखाद्या शेतकऱ्याला असं बोलले असते तर त्यानं वरपर्यंत तक्रार केली असती.

दुसरा तिचा छंद म्हणजे टीव्ही. कटिंगच्या टेबलासमोर तो दिवसभर चालू असायचा. मालिका ती गोष्टीसाठी बघायची नाही, गळ्यांसाठी बघायची. तेव्हा एका मालिकेत थोरल्या वहिनीचं काम करणारी एक नटी फार गाजत होती. तिचं नाव मी घेत नाही. ती सोमवारी जो गळा घालायची तो शुक्रवारपर्यंत बदनापूर तालुक्यात पोचायचा. बायका मोबाईलवर फोटो दाखवायच्या, "ताई, असाच." कलाक्काला फोटो लागायचाच नाही. मागचे बंद किती बोटं खाली आहेत हे ती नुसतं बघून सांगायची. त्याच्या कितीतरी आधी, माझा एम.एस्सी.ला विद्यापीठात नंबर आला तेव्हा आमच्या विहारात माझा सत्कार ठेवला होता. सत्कार झाल्यावर बायकांचा घोळका जमला तो कलाक्काभोवती, कारण पाहुण्या बाईंच्या ब्लाउजचा गळा तेव्हाच्या एका नटीसारखा होता आणि तो हिनंच शिवला होता. मी नारळ हातात घेऊन एकटी उभी. तो नारळ खवट निघाला हेही आठवतंय.

आता आमच्या आयांचं. आजी कशानं गेली हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. मावशी, म्हणजे कलाक्काची आई, छातीतल्या गाठीनं गेली. तिच्यामागं चार वर्षांनी माझी आई. आईचं पोट फुगत गेलं. आम्ही गॅस म्हणालो, पित्त म्हणालो, ओवा दिला. कळलं तेव्हा अंडाशयाचा कॅन्सर सगळीकडं पसरला होता. दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढायला न्यावं लागायचं. बरोबर मी असायचे.

बियाणं म्हणजे माझं रोजचं काम. कोणता दोष नराकडून आला, कोणता मादीकडून, हे मी पगार घेऊन शोधते. त्यामुळं दोन सख्ख्या बहिणींना असं झालं तेव्हा मला शंका यायला वेळ लागला नाही. मी वाचलं, कागद छापून आणले, आणि कलाक्कासमोर ठेवून सांगितलं की हे आईकडून लेकीकडं येऊ शकतं, रक्ताची एक तपासणी असते, आपण दोघींनी करावी. तिनं कागद बाजूला सारले. "नंदे, डोकं खाऊ नको. सणासुदीचं काय मरणाचं बोलून राह्यलीस?" पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच.

आणि मग एका दुपारी मी कामात असताना तिचा फोन.

"नंदे, टीव्ही लाव जल्दी!"

"आगं, मी लॅबमधी हाय."

"मंग ऐक. ती वहिनी हाय ना, तिची मुलाखत चालूय. तिनं दोन्ही काढून टाकले."

"काय काढून टाकले?"

"छातीचे गं! तिच्या आईला होता, मावशीला होता. तिनं रक्त तपासलं. कॅन्सर झाला न्हाई, पण व्हायचा धोका लई होता, म्हणून आधीच आपरेशन केलं. आन हसून सांगून राह्यली! आन नंदे, ब्लाउज बघाया पाहिजे तू तिचा. काखेत चुणी न्हाई, खांद्यापासून पार सरळ उतरलाय. आत काय भरलंय काय की, पण बसलाय बराबर. आसं बसत आसंल तर मला काय भ्या न्हाई."

मी फोन कानाला लावून उभी होते. दोन वर्षं मी जे घसा फोडून सांगत होते ते त्या बाईनं एकदाच, पावडर लावून सांगितलं आणि हिला पटलं. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की त्या दिवशी मी हाताखालच्या एका मुलीला उगाच झापलं.

संभाजीनगरला जाऊन आम्ही दोघींनी रक्त दिलं. रिपोर्ट आले. घराण्यात चालत आलेला तो दोष कलाक्कात होता. माझ्यात नव्हता.

रिपोर्टवाल्या दिवशी तिनं काय केलं असेल? पेढे आणले. स्वतःचा रिपोर्ट पिशवीत कोंबला आणि गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं, "माझी नंदी वाचली." लोक पेढा तोंडात टाकायचे आणि भरल्या डोळ्यांनी तिच्याकडं बघायचे. "काय मन हाय बाईचं!" वाचले होते मी आणि कौतुक चाललं होतं तिचं. मला त्या दोषाचा हेवा वाटला असं म्हणणं पाप आहे. पण त्याच्यामुळं तिच्यासाठी जी जागा झाली तिचा वाटला, आणि तेही पापच.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दोन ठिकाणी धोका आहे, एक छातीत, दुसरा पोटात, अंडाशयात आणि त्याच्या नळ्यांत. "तुमचं वय सत्तेचाळीस. मुलं मोठी झालीत. छातीवर निदान लक्ष ठेवता येतं, तपासण्या आहेत. पोटातलं लवकर कळायची भरवशाची तपासणी नाही. त्यामुळं ते काढून टाकण्यात उशीर करू नका. मी तर म्हणेन ते आधी करू."

कलाक्का म्हणाली, "आधी छातीचं. त्या बाईनं तेच केलं."

"कोणत्या बाईनं?"

मग मलाच खुलासा करावा लागला. डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण दुसरं विसरायचं नाही." हे माझ्यासमोर झालं. मी खुर्चीत बसले होते, पर्स मांडीवर होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं सर्जनला विचारलं, "टाका आतून घालनार का वरून?" तो गृहस्थ आधी गोंधळला, मग त्यानं तिला दोन्ही टाके समजावून सांगितले. हिनं त्याला एक तिसरा सांगितला. कृत्रिम काही बसवून घेणार का, यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: "ते मी माझं भरीन." दाजी बाहेरच्या बाकावर बसून होते. कुणीतरी त्यांना म्हणालं, चांगलं अंग कशाला कापायचं? ते म्हणाले, "अंग तिचं हाय. कापाकापीतलं तिला जास्त कळतंय."

टाके सुकल्यावर तिनं सुती कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, आतल्या कपड्यात बसतील अशा. पण वजन पाहिजे, नाहीतर ब्लाउज वर चढतो. काय भरावं? तिनं मला विचारलं; बियाण्यातलं मला कळतं म्हणून पहिल्यांदाच काहीतरी विचारलं. मी दोन दिवस विचार केला, दाण्यांची वजनं बघितली आणि बाजरी सुचवली. "बाजरीला किडे लागतेत," ती म्हणाली आणि मोहरी भरली. ती बरोबर होती. मोहरी अंगाच्या हालचालीबरोबर सरकते, थंड राहते, टिकते. पुढं तिनं अशा पिशव्या किती बायकांना शिवून पाठवल्या! माप फोनवरून घ्यायची. एकही परत आली नाही.

मग ती नटीच झाली म्हणा ना. आठ मार्चला बोलावणं, विहारातल्या मेळाव्याला बोलावणं, शाळेतल्या माता-पालक सभेला बोलावणं. कुंभार पिंपळगावच्या मेळाव्याला मी तिच्याबरोबर गेले होते. तिला धड बोलता यावं म्हणून मी चार पानं लिहून दिली होती, सोप्या भाषेत, जनुक म्हणजे काय इथपासून. ती पानं तिनं स्टेजवर नेली आणि घडी करून वारा घेतला.

"जयभीम बायांनो. मी कला, बदनापूरची टेलर. तुमच्यातल्या निम्म्या जनींची मापं माझ्यापाशी हायत, तवा माझ्यासमोर लाजायचं काम न्हाई." हशा. मग ती आईबद्दल बोलली, मोहरीबद्दल बोलली, गाठ तपासायला चोरून जाऊ नका, उजळ माथ्यानं जा, म्हणाली. दहा मिनिटांत दोनशे बायका रडल्या आणि हसल्या. शेवटी एका म्हातारीनं विचारलं, "मंग बाई, आता तुला धोका न्हाई म्हन की?"

कलाक्कानं पानांनी वारा घेणं थांबवलं. मग म्हणाली, "बिलकुल न्हाई. त्या हिरोइननं जेवढं केलं तेवढं मीबी केलं. विषय खतम."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

विषय खतम नव्हता हे मला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी ऐकलेलं होतं. आईच्या पोटातलं पाणी मी बघितलेलं होतं. त्या नटीचं वय तीस, तिला अजून मूल हवं होतं, म्हणून तिनं पोटातलं ठेवलं असणार, हेही मला डॉक्टरीणबाईंसमोर बसले असतानाच कळलं होतं. जीपमधून परत येताना हे सांगायला मला तासभर मिळाला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. खरं सांगायचं तर आत कुठंतरी बरं वाटत होतं. दोनशे बायका हिला डोक्यावर घेतायत, पण हिला न कळलेली एक गोष्ट मला कळलीय, एवढं ते सुख होतं.

आणि त्यातही देवानं म्हणा, दैवानं म्हणा, मला अजून एक संधी दिली. महिन्याभरानं मी तिच्याकडं ब्लाउज टाकायला गेले होते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली,

"नंदे, ते पोटातलंबी करावंच लागंल का गं? तू शिकलेली हायस. सांग की."

चाळीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा असं विचारलं. आणि मी काय म्हणाले?

"मला कशाला इचारतीस? तुझ्या हिरोइनला इचार की."

ती हसली. "बराबर हाय," म्हणाली. सुई पुन्हा कापडात घातली. त्यानंतर तिनं मला कधी विचारलं नाही.

मेळाव्याला सव्वा वर्ष झालं असेल. मी दुकानात बसले होते तेव्हा एक बाई आल्या. नाव वैशाली, कुंभार पिंपळगावच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मेळाव्यात कलाक्काचं ऐकून त्यांनी रक्त तपासलं होतं. घरात आई आणि बहीण गेलेल्या होत्या. तोच दोष निघाला. छातीचं ऑपरेशन होऊन त्या मोहरीच्या पिशव्या न्यायला आल्या होत्या.

"ताई, तुमच्यामुळं मी वाचले," त्या म्हणाल्या. आणि पुढं अगदी सहज, "डॉक्टर म्हणत होते पोटातलंबी काढा म्हणून. पण मी न्हाई म्हणून सांगितलं. म्हणलं, आमच्या कलाताईंनी स्टेजवर सांगितलंय, एवढं केलं की विषय खतम."

कलाक्काच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एक एक करून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"वय काय तुमचं?"

"चव्वेचाळीस."

"लेकरं?"

"दोन. कॉलेजला हायत."

टीव्ही चालू होता, तो कलाक्कानं बंद केला. मग म्हणाली, "बाई, मी तुम्हाला चुकीचं माप दिलं."

पंधरा दिवसांत तिनं कुंभार पिंपळगावला त्याच विहारात बायका पुन्हा जमवल्या. बोलावणं नव्हतं, हार नव्हता. निम्म्याच बायका आल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

"मागल्या बारीला मी इथं खोटं बोलून गेल्ते," तिनं सुरुवातच अशी केली. "डॉक्टरीणबाईनं मला पोटातलंबी काढाया सांगितलं व्हतं. मी न्हाई काढलं. भेले. आन दुसरं सांगू का, छातीचं केलं तर तुम्ही टाळ्या वाजवता, पोटातलं कोन बघतंय? त्या हिरोइननं केलं तेवढंच मी केलं. पर तिचं वय तीस आन माझं अठ्ठेचाळीस. दुसरीचा मापाचा ब्लाउज घेऊन मी माझं अंग शिवाया बसले व्हते. आन वर तोच ब्लाउज तुमच्यात वाटला. आता माझाबी घेऊ नका. जिनं तिनं आपलं माप डॉक्टरकडून घ्यावं. पुढच्या हप्त्यात मी चालले आपरेशनला. वैशालीबाईबी यायल्यात."

टाळ्या पडल्या नाहीत. बायका उठून तिच्याजवळ गेल्या, कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी तिचं तोंड कुरवाळलं. मला त्या हॉलमध्ये तिच्याहून मोठी चूक कबूल करायची होती. पण कबुलीसुद्धा तिनं अशी दिली होती की त्यानंतर बोलायला माझ्यासारखीची हिंमत होऊ नये. माझ्या मनात आलं ते हेच: हिला माफी मागणंही माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

दोघींची ऑपरेशनं एकाच दिवशी झाली. वैशालीबाईंचं काढलेलं सगळं तपासणीत स्वच्छ निघालं. कलाक्काच्या नळीत कॅन्सर होता, आणि तिथून तो पोटातल्या पडद्यावर गेला होता. डॉक्टरीणबाई मला व्हरांड्यात म्हणाल्या, "आधी केलं असतं तर कदाचित सुटल्या असत्या. आता नक्की कुणी सांगू शकत नाही." मी किती महिने आधी, हे विचारलं नाही. मला हिशोब येतो.

केमो सुरू झाली. दुसऱ्या खेपेला तिच्याजवळ मी होते. दाजी औषधं आणायला गेले होते. हातात सुई लावलेली, डोक्याला ब्लाउजपीसचा रुमाल बांधलेला. मी धीर करून म्हणाले, "कलाक्का, त्या दिवशी दुकानात तू मला इचारलं व्हतंस. पोटातलं करू का म्हणून. मी तुला उलटं बोलले."

"कोन्त्या दिवशी?"

"तू काजं करत व्हतीस."

तिनं माझ्याकडं बघितलं. जाड भिवया गळून गेल्या होत्या, त्यामुळं चेहऱ्यावरचं काही कळत नव्हतं. मग म्हणाली, "मला न्हाई बा ध्यानात. आन नंदे, तुझं ऐकून मी आजपत्तोर काय केलंय का? मंग?"

तिला खरंच आठवत नव्हतं की आठवत असून तिनं मला सोडून दिलं, हे मला कधी कळलं नाही. यातलं काहीही असलं तरी मोठी तीच ठरते. मी तिचा हात धरला आणि रडले. ती म्हणाली, "सुई हालून राह्यली." मी हात सोडला.

शेवटची बघितली ती संभाजीनगरच्या त्याच दवाखान्यात. आजार आता उतरणार नव्हता, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. मी दुपारी मुगाची खिचडी घेऊन गेले. वॉर्डचं दार अर्धं उघडं होतं. तिच्या पलंगाच्या कडेला एक मुलगी बसली होती, पंचविशीतली, भोकरदनकडची असावी. तिचं छातीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. आई नव्हती बरोबर. नवरा खाली कागदपत्रांच्या रांगेत. मुलगी रडून रडून सुजली होती आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "कसं दिसतं वो, मावशी? लई घान दिसतं का?"

कलाक्का उठून बसली. उठायला तिला वेळ लागला. तिनं गाऊनच्या नाड्या सोडल्या आणि तो खांद्यावरून खाली उतरवला. मी दारात होते, मला तिची पाठ दिसत होती. पाठीचा एक एक मणका मोजावा अशी झाली होती. मुलीला समोरचं दिसत होतं. मुलगी आधी बघेना. मग बघितलं. मग तिनं हात पुढं केला, आणि कलाक्कानं तो हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला.

"हे बघ. हितून टाका सुरू झाला, हितं संपला. हात लाव की, दुखत न्हाई आता. घान हाय का?"

"न्हाई," मुलगी म्हणाली.

"मंग?"

मुलीचा हात तसाच होता. ती आता रडत नव्हती. त्या अनोळखी पोरीचा मला मत्सर वाटला. रक्ताची बहीण मी. पहिल्या ऑपरेशनला मी होते, दुसऱ्याला मी होते. टाके सुकताना अंगाला तेल कुणी लावलं असेल तर दाजींनी. मी कधी पुढं झाले नाही. दाखव म्हणालेही नाही.

पलंगाची कुरकुर झाली. कलाक्कानं मान वळवली आणि मला बघितलं. गाऊन वर ओढला नाही.

"नंदे? कवा आल्तीस? ये की आत. तूबी बघ, तू कुठं बघितलंय अजून."

मी दोन पावलं आत गेले, डबा स्टुलावर ठेवला. "बस हाय माझी," म्हणाले. "उद्या येते."

ती दुसऱ्या दिवशी पहाटेच गेली.

संभाजीनगरहून जालन्याला दर अर्ध्या तासाला बस असते. त्या दुपारी मी स्टँडवर बसून तीन सोडल्या.